कारभारीचा हत्ती

लग्नघराच्या भिंतीवर हत्ती हवा म्हणजे हवाच. बिडकीनच्या बाजूच्या गावांत तेव्हा रीतच होती तशी. मांडव घालायच्या आधी पुढची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र करायची, दाराच्या दोन्ही अंगांना सोंड उचललेले हत्ती, त्यांच्याजवळ भाले घेतलेले भालदार, चौकटीवर गणपती आणि त्याखाली नवरानवरीची नावं. पंगतीत वरण पातळ झालं तर लोक चालवून घेत. पण भिंत कोरी दिसली तर पाहुण्यांची बैलगाडी सरळ पुढं निघून जाई, आणि मग ती गोष्ट वर्षभर ओट्याओट्यांवर हसत हसत सांगितली जाई.

सरूचं लग्न वैशाखात ठरलं. मुलगा वैजापूरकडचा, घर बागाईतदाराचं, माणसं नजरेनं चिकित्सक. द्वारकाबाईच्या जिवाला घोर लागला होता. कापूस विकून कपड्यांची सोय झाली होती, गहू घरचा होता. राहिली होती ती भिंत.

कारभारी ओसरीत चऱ्हाट वळत बसला होता. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आता दाऊदभाऊला निरोप धाडा की. औरंगाबादेत असतेत म्हणं. दुकानांचे बोर्ड रंगवतेत."

कारभारीचे हात थांबले. वळलेला पीळ थोडा सुटला.

"दाऊदबिऊद कोणी नको."

"मंग पैठणचा रंगारी सांगा."

"त्यो बी नको. आपणच रंगवू."

"चुना मी देईन की. हत्ती कोण काढणार?"

"मी काढणार."

द्वारकाबाईला हसू फुटलं. पण कारभारी हसत नव्हता. त्यानं सुटलेला पीळ पुन्हा मांडीवर घासून आवळला आणि मान खाली घातली. तो विषय तिथंच संपला.

ती चुलीपुढं येऊन बसली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दाऊद ह्याच गावचा. मशिदीमागच्या गल्लीत त्याचं घर होतं. गावातल्या प्रत्येक लग्नाचे हत्ती त्यानंच काढलेले, पोळ्याला बैलांची शिंगं त्यानंच रंगवलेली. द्वारकाबाई नवरी होऊन आली तेव्हा ह्याच दाराशी त्याचा हत्ती उभा होता, आणि त्या हत्तीच्या डोळ्यात बघून ती घाबरली होती, इतका तो जिवंत होता. कारभारी आणि तो तालमीतले जोडीदार. एकाच्या चंचीतली तंबाखू दुसऱ्याच्या तळहातावर जायची.

मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाची सत्ता गेली आणि गावोगाव मुसलमानांच्या घरांवर जमाव चालून गेले. त्या भाद्रपदात द्वारकाबाई धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी होती. दिवाळी उलटल्यावर ती बाळाला घेऊन परत आली तेव्हा मशिदीमागची गल्ली ओस पडली होती. दाऊदच्या घराला कुलूप होतं. पुढच्या पावसाळ्यात छप्परही बसलं. "दाऊदभाऊ कुठं गेले?" असं तिनं विचारलं होतं. "गेला," एवढंच कारभारी बोलला होता. त्या दिवसांत कोणी काय केलं हे गावात कोणी कोणाला विचारत नसे. तिनंही पुढं विचारलं नाही. पण ते नाव निघालं की नवऱ्याचा चेहरा बंद होतो, हे इतक्या वर्षांत तिला पाठ झालं होतं. आणि का बंद होतो, ह्याचा विचार मनात आला की ती भाकरी थापायला घेई, नाहीतर जात्यावर बसे.

गावातल्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. द्वारकाबाई आणि सरू, दोघी मायलेकी मळ्यातून डोक्यावर घागरी आणत, आणि त्यातलं अर्धं पाणी चुनाच पिऊन टाकी. पसरट भांड्यात कळीचा चुना खदखदला, वाफा निघाल्या, मग निवळला. तिनं त्यात नीळ घातली, डिंकाचं पाणी ओतलं आणि पदर खोचून कुंचा हातात घेतला. चुना लावणं तिच्या हातचं होतं. दरसाल दसऱ्याला ती लावायचीच. पण ही भिंत उंच होती आणि ऊन असं की एक हात वाळून दुसरा द्यायच्या आत पहिल्याला पोपडे सुटत. तीन हात द्यावे लागले. चुन्यानं तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. भाकरीचं पीठ मळताना डोळ्यांत पाणी येई. सरूनं करडीचं तेल गरम करून बोटांना लावलं.

"आई, बाबाला खरंच येतो का गं हत्ती?"

"काय की बाई. कधी बघितलं नाय."

कारभारीनं गेरू भिजवला, बाभळीच्या काडीचं टोक चेचून कुंचला केला आणि शिडीवर चढला. नांगराचं तास सरळ घालणारा माणूस तो. पेरणीला त्याच्यासारखी पाभर गावात कोणी धरत नसे. पण भिंतीवर त्याला एक रेघ धड जमेना. पाठ काढली ती खाटेसारखी झाली. पाय चारी एका ओळीत आले. सोंड कपाळातून निघाली. त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं तर गेरू पसरून भिंत लाल झाली. द्वारकाबाईनं पुन्हा चुन्याचा हात दिला. त्यानं पुन्हा काढलं.

शेजारची दगडाबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती. ती थांबली, तिनं पाटी कमरेवर टेकवली.

"द्वारके, म्हैस घेतली का गं?"

"हत्ती हाय त्यो."

"आस्सं व्हय! मला वाटलं, म्हशीच्या तोंडाला चऱ्हाट बांधलंय."

ती गेली ती पाणवठ्यावर सांगतच गेली. मग दोन दिवस कोणी ना कोणी उगाच वाट वाकडी करून दारावरून जाई. कोणी म्हणे, "कारभारीआण्णा, किती दूध देतीया?" कारभारी शिडीवरून खाली बघत नसे. त्याची मान ताठून गेली होती, एका डोळ्यात चुना उडून तो लालभडक झाला होता. सरू आत तोंड लपवून रडली. "वैजापूरची माणसं आयुष्यभर हसतील मला," म्हणाली.

त्या दुपारी द्वारकाबाई ताक घेऊन बाहेर आली तर कारभारी भिंतीकडं तोंड करून जमिनीवर बसला होता. ती मागं उभी आहे हे त्याला कळलं नाही.

"डोळ्यापासून सुरू करायचा," तो स्वतःशीच म्हणाला. "आधी डोळा, मंग हत्ती. त्याचं आसंच असायचं."

तिनं ताकाचा गडू हळूच खाली ठेवला आणि ती आत गेली. हा माणूस दाऊदवर राग धरून आहे, की दाऊदला तोंड दाखवायची ह्याला लाज वाटते? राग असेल तर आवाजात इतकी माया कशी? आणि लाज असेल तर कशाची? तिला विचार करवेना. पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्या मनात एकच प्रश्न येऊन बसला होता: आपण माहेरी होतो तेव्हा आपल्या नवऱ्यानं त्या माणसाचं काय केलं?

बस्त्यासाठी दोघं औरंगाबादेला गेले. दगडाबाईही बरोबर होती. लुगड्यांचा पोत तिला चांगला कळे. शहागंजात कापडाच्या दुकानी कारभारी गादीवर बसला आणि मागवलेला चहा बशीत ओतून पिऊ लागला. द्वारकाबाई म्हणाली, "तंवर मी सरूच्या बांगड्यांचं बघून येते." दगडाबाई लुगड्यांच्या ढिगात बुडालेली होती. तिनं मान वर केली नाही.

बांगडीवालीला दाऊद पेंटर ठाऊक होता. बाजूच्याच गल्लीत, निळ्या दाराचं घर.

दार ताहेरानं उघडलं. ताहेराचे केस पिकले होते.

"अगे, द्वारकाभाबी! तुम? आओ, आओ, उंबऱ्यात कायकू उभ्या?"

तिनं चटई टाकली, पाणी दिलं. घरात तेलरंगाचा वास कोंदला होता. कोपऱ्यात अर्धवट रंगवलेला बोर्ड उभा होता. दाऊद कामावर गेला होता. द्वारकाबाईला धड बसवेना.

"ताहेरा, मला एक सांग. खरं सांग. आमच्या मालकानं तुमचं काय वाईट केलं?"

"वाईट? काय बोलायलात भाबी? दादानं तुम्हाला काईच सांगितलं नाय?"

"नाय."

"अल्ला!" ताहेरानं कपाळाला हात लावला. "अवो, आम्ही तुमच्या मळ्यात होतो. कडब्याच्या गंजीत. मी, हे, माझी ननंद. दादा भाकरी आणायचे, पेंडीच्या टोपल्यात लपवून. पेंडीचा वास यायचा भाकरीला. एक दिन लोक आले विचारायला. दादा गंजीवर चढून बसले. बोलले, हितं मी हाय आन् माझे बैल हायेत, तिसरं कोण पायजे तुम्हाला? आन् बसल्या बसल्या चिलीम पेटवली. कडब्यावर, भाबी! मी खाली तोंडात पदर कोंबून बसले. म्हणलं, लोकांच्या हातून वाचू, पण ह्या माणसाच्या चिलमीनं जळून मरू."

ती हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

"मग गाडीत कडबा भरला, कडब्यात आम्ही. हर्सूलला माझ्या मामूकडं आणून सोडलं."

द्वारकाबाईच्या छातीवरून धोंडा उतरला, आणि त्याच वेळी दुसराच प्रश्न समोर आला.

"मंग दाऊदभाऊ एकदा बी का आले नाय?"

"मी सालोसाल म्हणते, जाऊन या. ते म्हणतेत, कोणत्या तोंडानं जाऊ? जीव त्यानं वाचवला, आन् हातात काय घेऊन जाऊ? पेढे? आन् दादानं बी कधी बोलावलं नाय. हे म्हणतेत, माझं तोंड बघितलं की त्याला ते दिवस आठवत असतील. नको."

"सरूचं लग्न हाय," द्वारकाबाई म्हणाली. "भिंत कोरी हाय." आणि मग तिला राहवलं नाही. "कोरी असती तर बरं व्हतं गं. म्हैस हाय तिच्यावर."

परत आल्यावर तिनं दिवेलागणीपर्यंत दम धरला. कारभारी बैलांना वैरण टाकत होता. ती गोठ्याच्या दाराशी उभी राहिली.

"कडब्याच्या गंजीवर बसून चिलीम वढत व्हता व्हय?"

त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"कोण बोललं?"

"ताहेरा."

त्यानं पेंढीचा बंद सोडला.

"चिलीम रिकामी व्हती," कारभारी म्हणाला. "नुसतीच वढत व्हतो. मी काय येडा हाय?"

"मला का सांगितलं नाय?"

"त्यात काय सांगायचं?"

"आन् दाऊदभाऊला का बोलवत नाय? जिवाचा माणूस तुमचा!"

"बोलावलं तर येईल त्यो," कारभारी वैतागून म्हणाला. "पळत येईल. आन् पैसे घेणार नाय. मान कापली तरी घेणार नाय. मंग काय झालं ते? त्याला मी फुकटात राबवून घेतलं. कडब्यात ठिवलं त्याचं भाडं वसूल केलं. आसं असतंय व्हय?"

"मंग पैठणचा सांगायचा व्हता."

"दाऊद जिता असताना माझ्या भिंतीवर दुसऱ्याचा हत्ती?" कारभारीनं पेंढी बैलापुढं टाकली. "कळत नाय तुला काई."

खरंच तिला कळत नव्हतं. लोक चोरी लपवतात. ह्यानं पुण्य लपवलं होतं, आणि असं लपवलं होतं की बायकोनं त्याला मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. त्याचा मित्र उपकाराच्या ओझ्यानं गावाकडं फिरकत नव्हता, आणि उपकाराची वसुली नको म्हणून हा त्याला बोलावत नव्हता. आणि ह्या दोघांच्या मध्ये तिच्या पोरीच्या लग्नाच्या भिंतीवर म्हैस उभी होती. ह्यात शहाणं कोण आणि खुळं कोण? चूल पेटवायची राहिली आहे हे आठवून ती आत गेली.

मांडवाचे डांब आणून टाकले होते त्या सकाळी दारात सायकलची घंटी वाजली. मागं रंगाची पेटी बांधलेली. दाऊद उतरला. दाढी पांढरी झाली होती, अंगरख्याच्या बाहीवर निळा रंग सांडलेला होता. सायकल डांबाला टेकवून त्यानं आधी भिंतीकडं पाहिलं.

"ही कुणाची?" त्यानं विचारलं.

कारभारी ओसरीतून उठला. द्वारकाबाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं. आता हे गळ्यात पडतील, रडतील, असं तिला वाटलं.

"माझी हाय," कारभारी म्हणाला. "कामाला आलास का?"

"कामालाच."

"आधी मजुरी ठरव."

दाऊदनं कारभारीकडं पाहिलं. मग भिंतीला पाठ लावून म्हणाला, "पन्नास रुपये."

तेवढ्या पैशांत त्या काळी दुभती म्हैस मिळायची. भिंतीवरची नव्हे, खरी. द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावला. दाऊदभाऊ! कडब्यातून जीव घेऊन गेलेला माणूस, आणि ही मागणी!

"पन्नास?" कारभारी गरजला. "हत्ती काढायलास का इकायलास?"

"शहरातला भाव हाय. मी अक्षरामागं पैसे घेतो. एका हत्तीत किती अक्षरं बसतेत मोज."

"चार पाय, एक सोंड. पाच झाली."

"आन् कान?"

"कान आखूड काढ."

"भालदारांचं काय?"

"ते नुसते उभे राहत्यात. त्यांची कसली मजुरी?"

"आन् गणपती? गणपतीला बी सोंड हाय."

"एका सोंडेचे दिले की! का दर सोंडेला येगळे?"

द्वारकाबाई मध्ये पडली. "दाऊदभाऊ, आवं घरचं कार्य हाय, आसं काय करायलात..."

"वहिनी, तुम्ही मधी येऊ नका," दाऊद तोडून बोलला.

"तू आत जा," कारभारीही म्हणाला.

आवाज वाढले. दगडाबाई हातातलं काम टाकून आली. "काय झालं गं? भांडण लागलं का?"

"काय की बाई. मला तर काईच कळंना."

आणि तिला खरोखरच कळेना. कारण दोघं जमिनीवर उकिडवे बसले होते, कारभारीची चंची दोघांच्या मध्ये उघडी पडली होती, दोघांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि मध्येच दाऊद म्हणाला, "बरं, वीस," तर कारभारी म्हणाला, "वीसमंदी कोण काढील? पंचवीस घे." "बावीस." "पंचवीस म्हणलं ना!" कोण चढवतंय आणि कोण उतरवतंय, ह्याचा मेळ तिला लागेना. दोघंही मात्र दातओठ खाऊन भांडत होते. कारभारीचा एवढा मोठा आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

शेवटी ठरलं. कारभारी आत जाऊन पैसे घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं ते दाऊदच्या तळहातावर ठेवले. दाऊदनं मूठ मिटली. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"ऊन लागलं," म्हणाला. "लांबून सायकल मारली ना."

"पाणी आण गं," कारभारी म्हणाला, आणि ती उठायच्या आत स्वतःच रांजणाकडं गेला.

दुपारपर्यंत दाऊदनं चुन्याचा कुंचा फिरवून म्हशीचं तोंड पुसलं, पाय पुसले, खाटेसारखी पाठ पुसली. तो मागच्या बाजूला आला तेव्हा कारभारी म्हणाला, "आरं, शेपटी राहू दे की. शेपटी काय वाईट न्हाय."

दाऊदनं मान तिरकी करून शेपटी पाहिली. "शेपटी जमलीय खरी."

मग त्यानं कोऱ्या भिंतीवर आधी एक डोळा काढला.

वैशाखातल्या त्या मुहूर्ताला वैजापूरची वऱ्हाडी मंडळी आली आणि बैलगाड्या बरोबर दाराशी थांबल्या. विहीणबाई उतरल्या त्या आधी भिंतीकडंच गेल्या. डाव्या हत्तीपुढं उभ्या राहिल्या, उजव्या हत्तीपुढं राहिल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लई चांगली भिंत केली हो. घरीच रंगवली, का रंगारी लावला?"

द्वारकाबाईनं तोंड उघडलं आणि ती गडबडून गेली. डावा हत्ती दाऊदभाऊचा, पण शेपटी ह्यांची. चुना तिच्या हातचा. दाऊदभाऊ रंगारी खरा, पण तो आपला की परका, हे ती कोणत्या तोंडानं सांगणार? मांडवाखाली तो पानांचं तबक घेऊन घरच्या माणसासारखा फिरत होता.

तिच्या मागून कारभारी पुढं झाला. नवं धोतर, डोक्याला गुलाबी पटका.

"रंगारी लावला," तो मोठ्यानं म्हणाला. "रोख पैसे मोजले. लई महागाचा माणूस हाय, एक पैसा सोडला न्हाय त्यानं."

"आन् ह्यानं एक पैसा सुखानं दिला न्हाय!" दाऊद तबक घेऊन तिथूनच ओरडला.

विहीणबाईंनी बरोबर आलेल्या आपल्या बहिणीकडं पाहिलं. माणसं जरा पैशाला चिकट दिसतात, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. द्वारकाबाईला ते दिसलं. आपली लाज गेली म्हणून रडावं, की हसावं, हे तिला ठरवता येईना. ती दोघांकडं बघत राहिली. ते दोघं मांडवाच्या मधोमध, पाहुण्यांच्या देखत, हत्तीच्या एका कानाचे पैसे जास्त गेले की कमी, ह्यावरून पुन्हा भांडायला लागले होते.